पान एकशे त्र्याण्णवपासून पुढे

मित्रांनो, माझी सुरुवात पान एकशे त्र्याण्णवपासून होते. त्याआधी काय घडले ते मला विचारू नका, मलाही ते ऐकूनच माहीत आहे. मी 'बंद बग्गीचे गूढ' या कादंबरीचा शेवटचा फर्मा आहे. फर्मा म्हणजे छापखान्यातली सोळा पानांची घडी. अशा तेरा घड्या एकत्र शिवल्या की एक खून पूर्ण होतो.

माझा जन्म १९६२ साली नागपुरात, महाल भागातल्या एका छापखान्यात झाला. शिवणाऱ्याने मला सर्वांत शेवटी टाचले, वर पुठ्ठा चढवला आणि आम्ही तेरा भावंडे धरमपेठेतल्या सुबोध वाचनालयात दाखल झालो. आमचे नायक गुप्तहेर केसकर. डोक्याला फेटा, हातात काठी आणि कोठेही जायचे तर बग्गी. पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. जरा जास्तच झाले म्हणा ना. खून तिसऱ्या पानावर होई आणि चौथ्या पानावर वाचक माझ्यात डोकावू लागे. काही सभासद मला उभ्या उभ्याच वाचून टाकत आणि 'हे झालेलं आहे' असे सांगून पुस्तक परत ठेवीत.

पुढे १९६४ साली कोणीतरी अकराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्याखाली दुसऱ्याच अक्षरात 'आभारी आहे' असेही लिहिलेले सापडले.

वाचनालयाच्या ग्रंथपाल कुसुमताई. आवाज चढवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी नाव खोडून काढले, बाइंडरला बोलावले आणि कपाटातल्या अकराही रहस्यकथांचे शेवटचे फर्मे कापून घेतले. डॉक्टरने अपेंडिक्स काढावे तितक्या शांतपणे हे झाले. त्या दिवसापासून पुस्तकाचे धड सभासदाच्या घरी जाई आणि शेपूट ताईंच्या टेबलाच्या खणात राही. धड वाचून झाले की सभासदाने ते परत करायचे, खुनी कोण असावा याची चिठ्ठी लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि मग खिडकीजवळच्या बाकावर बसून, मनातल्या मनात, शेपूट वाचायचे. बाहेर पडताना ताई प्रत्येकाला एकच सांगत, "चेहरा सरळ करून जा." कारण पायरीवर पुढचे सभासद थांबलेले असत आणि ते चेहऱ्यावरून अंदाज बांधीत.

मित्रांनो, बाकावर बसलेला माणूस कसा दिसतो ते मी जवळून पाहिले आहे. प्राध्यापक पाहिले, कंपाउंडर पाहिले, सासूला चुकवून आलेल्या सुना पाहिल्या. दोनशे दोनाव्या पानावर सगळ्यांचे तोंड सारखेच उघडे पडते. मला त्याचा अभिमान वाटे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. कापताना माझे पहिले वाक्य तुटले. त्याचा बहुतेक सगळा भाग एकशे ब्याण्णवाव्या पानावर गेला आणि माझ्या वाट्याला त्यातला शेवटचा एकच शब्द आला. माझ्या आयुष्यातला तो पहिला शब्द आहे, 'नव्हता.'

कोण नव्हता, कोठे नव्हता, काय नव्हता? आम्ही जोडलेले होतो तेव्हा शेजारच्या पानावर काय आहे ते मी कधी पाहिले नाही. शिवलेल्या माणसाला तशी गरज पडत नाही. आता बघायची इच्छा झाली तर पान फळीवर आणि मी खणात. तरी मी मनाशी म्हणत असे, धड याच खोलीत आहे, एखाद्या दिवशी कोणी शेजारी ठेवीलच.

आणि १९७१च्या मार्चमध्ये धड काटोलला गेले.

नेणाऱ्याचे नाव मारोतराव. काटोलजवळच्या एका गावचा संत्रेवाला. हंगामात फळ घेऊन नागपूरला येई तेव्हा एक रहस्यकथा घेऊन जाई आणि पुढच्या खेपेला परत आणी. या वेळी तो आलाच नाही. ताईंनी तीन पोस्टकार्डे टाकली. पोस्टातून निवृत्त झालेले दत्तोपंत रोज वाचनालयात पेपर वाचायला येत, त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितले की कार्डे पोचलीच असणार. उत्तर मात्र आले नाही. कोणी आमची कादंबरी मागितली की ताई म्हणत, "आधीचा भाग बाहेर गेला आहे." हे वाक्य मी पंधरा वर्षे खणातून ऐकले. प्रत्येक वेळी वाटे, बाहेर गेला आहे, म्हणजे येईल.

नंतर नागपुरात टीव्ही आला. बाकावर धूळ बसू लागली. ताई ती पुसत, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येई. तेवढीच ती नियमाने येई.

१९८६ साली वाचनालयाचे कार्यवाह कृष्णकांत यांनी ताईंचा खण उघडला. गल्लीत पहिला टीव्ही यांच्याच घरी आला होता, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात सुधारणेचा सूर असे.

"ताई, बाकीच्या शेपटांची धडं आहेत. याचं कुठं आहे?"

"काटोलला."

"पंधरा वर्षं? मग याचं काय लोणचं घालता? रद्दीवाला येऊन राहिला सोमवारी. देऊन टाका."

"कोणता सोमवार?"

"तुम्ही म्हणाल तो."

ताईंनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले. "मालिका संपेल त्याच्या दुसऱ्या दिवसाचा," त्या म्हणाल्या.

मालिका म्हणजे आमचीच. दिल्लीच्या टीव्हीवाल्यांनी 'बंद बग्गी'ची हिंदी मालिका काढली होती, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती नव्या जमान्याची होती. दर रविवारी सकाळी एक भाग, असे तेरा. धरमपेठेतल्या गल्ल्या त्या अर्ध्या तासात ओस पडत. सोमवारी सकाळी वाचनालयात तिची चिरफाड होई.

"काय रुबाब आहे केसकरचा," कृष्णकांत म्हणत. "स्कूटरवरून येतो. काळा चष्मा. टेबलावर तीन फोन."

"केसकर फेटा बांधतो," दत्तोपंत पेपरमागून म्हणत. "फेट्यावर हेल्मेट कसं घालील?"

"फेटा काढला त्यांनी."

"मग तो केसकर कसा गा? तो तर कोणीही झाला."

"अहो, बग्गी कुठून आणतील या दिवसांत?"

"सीताबर्डीवर टांगे उभे आहेत अजून. मागितला असता तर दिला असता कोणी."

एवढे असूनही दत्तोपंत दर रविवारी कृष्णकांतांच्याच घरी पुढच्या खुर्चीवर बसून मालिका पाहत. चीड यायची तर वेळेवर पोचावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते.

बारावा भाग झाला. पुढच्या रविवारी खुनी सापडणार होता आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रद्दीत जाणार होतो. त्या आठवड्यात वाचनालयात जितकी माणसे आली तितकी मागच्या तीन वर्षांत आली नव्हती. सगळ्यांना एकच पाहिजे होते, शेपूट. शुक्रवारी खुद्द कार्यवाह आले.

"ताई, मी जरा पाहू का? दोन मिनिटं."

"आधीचा भाग वाचला?"

"टीव्हीवर बारा भाग पाहिले ना."

"त्यात बग्गी आहे?"

"फियाट आहे."

"मग तुम्ही दुसरंच काही पाहून राहिले. याचा शेवट त्याला बसणार नाही." ताईंनी खण लोटला. "आणि परवा तुम्ही याला रद्दी म्हणाले होते."

कृष्णकांत अपमान झाल्यासारखे बसून राहिले, पण बसले ते खणाकडे तोंड करूनच.

शनिवारी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. धोतर, टोपी, काखेत कापडी पिशवी. पाठोपाठ संत्र्यांचा वास आत आला.

"बाई, मी मारोतराव. काटोलकडचा."

ताईंनी वर न पाहता रजिस्टर ओढले. "चार मार्च एकाहत्तर."

"होय."

"पंधरा वर्षं झाली."

"वाचून राहिलो होतो, बाई."

"एकशे ब्याण्णव पानं?"

"सरलं असतं तर वापस आणलं असतं. सरलंच नाही." त्याने पिशवीतून पुस्तक काढले. संत्र्याच्या पेटीच्या पुठ्ठ्याचे नवे कव्हर, कोपरे शाबूत, एक पान दुमडलेले नाही. माझे धड माझ्यापेक्षा तरुण दिसत होते. "गावात मोठ्यानं वाचून दाखवलं मी. पहिल्याच साली. एकशे ब्याण्णव पान आलं आन् लोकं म्हणे, पुढं? आता काय सांगू, खुनी नागपूरले खणात आहे? मंग मी आपल्या मनानंच सांगतलं."

"काय सांगितलं?"

"एकाले पकडला."

ताई पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघू लागल्या.

"लोकाईले लय आवडलं. दरसाल म्हणे, मारोतराव, बग्गी वाचा. दरसाल मी वाचो, दरसाल त्यालेच पकडो. तुमचे कार्ड आले. पुस्तक वापस केलं तर पुढच्या साली काय वाचू? आन् बाकावर बसून खरं समजलं तर मंग खोटं कसं सांगू?" त्याने कव्हरवरून हात फिरवला. "आता पंचायतीत टीव्ही आला. उद्या सगळं गाव बसणार आहे. टीव्ही मले खोटा पाडते बाई. मी म्हटलं, पाडाचंच आहे तर पुस्तकानं पाडावं. त्याचा हक्क आहे."

ताईंनी पत्र्याचा डबा पुढे केला. मारोतरावाने चिठ्ठी लिहिली, टाकली आणि बाकावर बसला. मला त्याच्या हातात दिले तेव्हा माझा कागद जरा थरथरला; खिडकी उघडी होती म्हणा.

त्याने मोठ्याने सुरुवात केली.

"मनात," ताई म्हणाल्या.

त्याने ओठ मिटले. डोळे एकाच ओळीवर फिरत राहिले. "जमत नाही, बाई. पंधरा वर्षं आवाजानंच वाचतो. मनात वाचलं तर समजतच नाही."

आजही खणासमोर येऊन बसलेल्या कृष्णकांतांनी खुर्ची थोडी पुढे सरकवली. ताईंनी त्यांच्याकडे पाहिले, दत्तोपंतांकडे पाहिले आणि उठून दार उघडले. "सगळे बाहेर."

"मी कार्यवाह आहे," कृष्णकांत म्हणाले.

"म्हणूनच आधी तुम्ही."

दत्तोपंतांनी शेवट पूर्वीच वाचलेला होता, तरी नियम म्हणून तेही उठले आणि कृष्णकांतांचा हात धरून त्यांना रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत घेऊन गेले. ताईंनी खिडकी लावली. वाचनालयाच्या इतिहासात एका माणसासाठी खोली रिकामी झाल्याची ही एकच नोंद आहे.

मारोतरावाने धड मांडीवर घेतले, मी त्याच्या शेजारी. तो म्हणाला, "तुटलेलं वाक्य आधी जोडून घेतो," आणि एकशे ब्याण्णवाव्या पानाची शेवटची ओळ वाचून माझ्यावर आला. बावीस वर्षांनी मी माझे पहिले वाक्य पूर्ण ऐकले. काय होते ते आत्ता सांगत नाही. मी शेवटचा फर्मा आहे, मधेच सांगून टाकणे मला जमत नाही.

दोनशे दोनाव्या पानावर त्याचाही जबडा उघडला. वाचून झाल्यावर त्याने टोपी काढून हातात घेतली.

"चुकला?" ताईंनी विचारले.

"चुकलो. पंधरा वर्षं बेकसूर माणसाले पकडून राहिलो." मग त्याने नाक पुसले. "पण बाई, हे माह्यावाल्यापेक्षा चांगलं आहे. खूपच चांगलं आहे."

"चेहरा सरळ करून जा," ताई म्हणाल्या. त्याने प्रयत्न केला. पानठेल्यावरून कृष्णकांत टक लावून बघत होते, पण त्यांना काही समजले नाही. त्या चेहऱ्यावर खुनी नव्हताच.

सोमवारी रद्दीवाला दहाला आला. ताईंनी मला खणातून काढून टेबलावर ठेवले. धड आले होते हे खरे, पण कृष्णकांतांनी नवा मुद्दा काढला होता. काल सगळ्या नागपूरने खुनी पाहिला, आता हे शेपूट वाचणार कोण?

तेवढ्यात काटोलच्या एस.टी.तून उतरलेली माणसे पायऱ्या चढू लागली. मारोतराव पुढे, मागे अकरा जण. त्यांत दोन म्हाताऱ्या बाया होत्या.

"काय झालं काल?" ताईंनी विचारले.

"टीव्हीनं तिसऱ्यालेच पकडला," मारोतराव म्हणाला. "माह्यावाला नाही आन् पुस्तकातलाही नाही."

दत्तोपंतांनी पेपर खाली ठेवला. "बदलला. मी म्हटलंच होतं. ज्यानं फेटा काढला तो खुनी कसा ठेवील?"

"मी गावाले सांगतलं, माहा चुकला, टीव्हीचाही चुकला. तं हे म्हणते, आम्ही डोळ्यानं पाह्यला."

"मुंग्या होत्या टीव्हीत," त्यांतली एक म्हातारी, पार्वतीबाई, म्हणाली. "मले तं कोणीच नाही दिसला. म्हणून म्या म्हटलं, चाल बाप्पा, पुस्तक पाहू."

कृष्णकांत म्हणाले, "पण यांनी आधीचा भाग वाचला कुठं आहे? नियम आहे."

ताईंनी चष्मा पुसला. "बग्गीचा घोडा कसा होता?"

"पांढरा," अकरा तोंडे एकदम म्हणाली, "आन् उजव्या कानामागं काळा ठिपका."

ताईंनी पत्र्याचा डबा काढला. लिहिता येत नव्हते त्यांच्या चिठ्ठ्या दत्तोपंतांनी लिहिल्या, पोस्टातल्या सवयीने, कोणालाही न सांगण्याची शपथ घेऊन. सगळे बाकावर मावले नाहीत, उरलेले खाली बसले. कृष्णकांतांना पुन्हा पानठेल्यावर जावे लागले. मारोतरावाने मला हातात घेतले आणि घसा साफ केला. रद्दीवाला दारात तराजू घेऊन उभा होता. त्याने तराजू खाली ठेवला, चिठ्ठीसाठी कागद मागितला, आणि ताईंनी त्याला सांगितले की तुला आधी धड घरी न्यावे लागेल. त्याने ते नेले. आठ दिवसांत परत आणले. त्याचाही अंदाज चुकला.

कृष्णकांतांनी त्यानंतर रीतसर नाव नोंदवून धड नेले आहे. सध्या ते सत्तराव्या पानावर आहेत आणि रोज दत्तोपंतांना विचारतात, फक्त एवढे सांगा, मुनीम आहे का? दत्तोपंत चेहरा सरळ ठेवतात.

मित्रांनो, ताईंनी मला विचारले असते, तुला धडाला शिवून टाकू का, तर मी नको म्हटले असते. शिवले तर बाक रिकामा पडेल. आता धड परत येते, फळीवर काही दिवस बसते, पुन्हा जाते, आणि मला ते पुरते. तुमच्याकडे कोणाचे पुस्तक असेल तर परत करा. उशीर झाला म्हणून लाजू नका, पंधरा वर्षांनी आलेल्यालाही बाकावर जागा मिळते. समासात नावे लिहू नका. आणि टीव्हीवर जरूर बघा, फक्त तेवढ्याने पुस्तक वाचले असे समजू नका.

राहता राहिले ते वाक्य. शब्द देऊन बसलो आहे, तेव्हा सांगतो. एकशे ब्याण्णवाव्या पानाच्या तळाशी लिहिले आहे, 'केसकर काठीवर रेलून म्हणाले, सगळे समजत होते तसा तो कधीच एकटा', आणि माझ्या पहिल्या ओळीवर, 'नव्हता.'

आता यावरून खुन्याला साथीदार होता हे तुमच्या लक्षात आले असेल. कुसुमताईंना सांगू नका.