मागच्या काचेवरचं नाव

गाडीच्या मागे नाव लिहायची आपल्याकडे जुनी हौस आहे. रिक्षा असो, टेम्पो असो, नाहीतर शाळेची व्हॅन असो, मागे कुणाचं ना कुणाचं नाव असतंच. सिग्नलला उभं राहिलं की आपण ते वाचतो, मनाशी म्हणतो, 'मालकाची पोरं असतील,' आणि पुढे जातो. त्या नावांत घरातलं कोण राहून गेलंय, हे मात्र आपल्याला वाचता येत नाही.

टिटवाळ्याच्या भगवानच्या पांढऱ्या व्हॅनवरही अशीच नावं होती. गाडी घेतली त्याच दिवशी त्याने मागच्या काचेवर पिवळ्या रेडियमच्या ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं, 'राकेश – महेंद्र'. अक्षरं एवढी मोठी की निम्मी काच त्यांनीच व्यापली. बाहेरून चिकटवलेली ती नावं आतून उलटी दिसायची, पण पुढच्या आरशात पाहिलं की पुन्हा सुलटी व्हायची. शाळेची पोरं ने-आण करताना भगवान आरशात आपल्या मुलांची नावं वाचायचा आणि त्याची छाती फुगायची.

वर्षं गेली. राकेश शिकला, नोकरीला लागला, घोडबंदर रोडला उंच इमारतीत राहायला गेला. महेंद्र बंगळुरूला गेला तो तिकडचाच झाला. इकडे साखरेच्या आजाराने भगवानची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. तेव्हा धाकटी मेघना पुढे आली. बी.ए. झालेली मुलगी. तिने लायसन्स काढलं, बॅज काढला आणि व्हॅन चालवायला घेतली. घर त्या व्हॅनवर चाललं. भगवान मागे पोरांजवळ बसायचा, दप्तरं सांभाळायचा.

यंदा एप्रिलमध्ये मात्र घरात एक काळजी शिरली होती. घोडबंदर रोडच्या एका मोठ्या शाळेने मेघनाला बस चालवायला बोलावलं होतं. महिनाअखेर कळवायचं होतं.

"स्वतःची गाडी सोडून दुसऱ्याची बस कशाला हाकायची?" भगवान रोज विचारायचा. "आपल्याला काय कमी आहे इथे?"

मेघना म्हणायची, "बघू या, बाबा."

तिने नाही म्हणावं, एवढंच भगवानला हवं होतं. तिला जावंसं का वाटतं, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नाही.

त्या शनिवारी राकेशच्या नव्या घरी बुद्धवंदना होती आणि मग जेवण. मोठी पातेली, शेगडीचा लोखंडी स्टँड, सतरंज्या, सगळं व्हॅनमध्ये भरलं. भगवान डिकी लावायला गेला.

"बाबा, थांबा! स्टँडचा पाय बाहेर येतोय. डिकी अर्धी ठेवू, दोरीने बांधते मी."

"अगं, तू मला शिकवतेस? तू शाळेत होतीस तेव्हापासून हाकतोय मी ही गाडी!"

आणि त्याने दोन्ही हातांनी डिकी दाणकन आपटली.

साखरेचं पोतं फाटावं तशी काच खळकन खाली आली. सीटवर, सतरंज्यांवर, रस्त्यावर नुसते चकचकीत दाणे. जिथे रेडियम होतं तिथले तुकडे तेवढे एकमेकांना धरून लोंबत होते.

भगवान खाली बसला आणि ती पिवळी अक्षरं गोळा करू लागला. 'रा' मिळाला, 'केश' अर्धाच सापडला. "अरेरे, पोरांची नावं गेली," असं पुटपुटत तो तुकडा तुकडा जुळवत राहिला. मेघना तोवर आत शिरली होती. ओलं फडकं घेऊन ती सीटची एकेक शिवण पुसत होती, फटीत बोटं घालून दाणे काढत होती. सोमवारी तिथे चिमुरडी पोरं बसणार होती. तिचं एक बोट कापलं. ते तिने तोंडात घातलं आणि पुन्हा कामाला लागली. भगवानला ते दिसलं नाही. नजर अधू होती हे खरं, पण सगळा दोष नजरेचा नव्हता.

राकेशला फोन केला तेव्हा तो हसला. "बाबा, माझं नाव फुटलं म्हणजे मला विमाच काढायला पाहिजे! टेम्पो करायचात ना. बरं, मेघू आहे ना? करेल ती काहीतरी."

आणि मेघूने केलंच. मागे प्लास्टिक बांधून सामान वेळेत पोचवलं.

रविवारी बापलेक कल्याणला गेले. पत्रीपुलाच्या अलीकडे काचवाल्यांची दुकानं आहेत. तिथल्या विश्राम नावाच्या कारागिराने नव्या काचेला कडेने रबर चढवलं, रबराच्या खाचेत दोरी बसवली, साबणाचं पाणी मारलं आणि आतून दोरी ओढत ओढत काच अलगद जागेवर बसवली. शेजारीच धाकूची रेडियमची टपरी होती.

"काका, नावं कुठली काढू?" धाकूने विचारलं.

"तीच. राकेश, महेंद्र. पहिल्यासारखी मोठी."

मेघना जवळच उभी होती. ती म्हणाली, "दादा, जरा लहान काढा. मागचं दिसत नाही."

"लहान कशाला?" भगवान म्हणाला. "लांबून दिसायला पाहिजेत!"

मेघनाने बापाकडे एकदा पाहिलं. "काढा दादा, म्हणतात तशी," म्हणाली आणि पाण्याची बाटली आणायला गेली.

काच नीट बसेपर्यंत दोन दिवस तिला हात लावू नका, असं विश्रामने सांगितलं. म्हणून भगवानने अक्षरांची गुंडाळी मांडीवर घेतली आणि कोऱ्या काचेची गाडी घरी निघाली. वाटेत मेघनाने आरशात पाहिलं आणि ती एकदम हसली.

"बाबा, आपल्या मागे एवढ्या गाड्या असतात होय! मला आजवर तुमचे राकेश-महेंद्रच दिसायचे. गाडी मागे घ्यायची तर मुंडी बाहेर काढून काढून मान आखडायची माझी."

भगवानही हसला. पण ते हसू त्याच्या ओठांवर टिकलं नाही.

सोमवारी सकाळी पोरं चढली. पहिलीतली रुचिता मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून बाहेरच्या लोकांना टाटा करायला लागली. मग तिने विचारलं, "आजोबा, राकेशताई नवीन काच कुठून आणली?"

"कोण राकेशताई?"

"आपली ताई. गाडी चालवते ती."

सगळी पोरं खिदळली. भगवानही हसला. "अगं वेडे, ती मेघनाताई. राकेश माझा मुलगा."

"तो गाडी चालवतो?"

"नाही गं. तो ऑफिसात जातो."

"मग महेंद्र चालवतो?"

"तोही नाही."

"मग त्यांची नावं का होती?"

"गाडी माझी आहे ना. मी माझ्या मुलांची नावं लिहिली."

रुचिता विचारात पडली. तिला खरंच कळत नव्हतं. "मग ताई तुमची नाहीये?"

भगवान मांडीवरची दप्तरं सारखी करू लागला. परवाच्या जयंतीला याच माणसाने मंडपात माइक हातात घेऊन 'मुलगा-मुलगी एकसमान' असं ठणकावून सांगितलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या. आणि आज पहिलीतली पोर त्यालाच हे विचारत होती. त्याने पुढे पाहिलं. आरशात मेघनाचे डोळे रस्त्यावर होते. तिने ऐकलं असणार. व्हॅन एवढी मोठी नसते.

दुपारी त्याची बायको शकू दारात वाल सोलत बसली होती. तो शेजारी टेकला आणि सकाळची हकीकत सांगितली. शकूचे हात थांबले नाहीत.

"पोरगी खरं बोलली," ती म्हणाली.

"अगं, पण तेव्हा सगळेच मुलांची नावं टाकायचे. मी काही वेगळं केलं का?"

"नाही केलं, तेच सांगतेय. भाषणात मात्र वेगळं सांगता. तेव्हा मेघूने विचारलेलं, बाबा माझं नाव कुठाय? काय म्हणालात, आठवतं?"

भगवानने सुपातला एक वाल उचलला आणि सोलू लागला.

"म्हणालात, तू परक्या घरी जाणार, तिकडच्या गाडीवर लागेल तुझं नाव. मी पण हसले तेव्हा. माझी पण चूकच ती. आता बघा. जाणार म्हणून जिचं नाव लावलं नाही, ती घरात राहिली, आणि नावं लावली ते दोघे केव्हाच गेले. पोरांनी शिकून जावं, चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण राबतंय कोण आणि मिरवतंय कोण?"

"ती कधी काही बोलली नाही."

"दहा वर्षांची होती तेव्हा बोलली ना! एकदा बोलून बघितलं. मग काय करायची माहितीये? संध्याकाळी गाडी धुळीने भरून यायची, तेव्हा भावांच्या नावाखाली बोटाने लिहून ठेवायची, मेघना."

भगवानच्या डोळ्यांपुढे एकदम ते आलं. धुळीतली ती वाकडीतिकडी अक्षरं! त्याने ती पाहिली होती. रोज सकाळी बादली घेऊन, गाणं गुणगुणत, ओल्या फडक्याने त्यानेच ती पुसली होती. वरची पिवळी नावं चकाकेपर्यंत घासायची आणि खालचं धुळीबरोबर उतरवायचं. किती सकाळी! आणि एकदाही मनात आलं नाही की हे आपल्या लेकीने कशासाठी लिहिलं असेल.

"मी पुसत होतो गं," तो म्हणाला. "माझ्या हातांनी पुसत होतो!"

शकूने सूप बाजूला ठेवलं. "ती शाळा बोलावतेय ना, तिथे ड्रायव्हरच्या छातीवर नावाची पट्टी असते. परवा मला सांगत होती. पगाराचं नंतर सांगितलं, पट्टीचं आधी."

दुसऱ्या दिवशी भगवान एकटाच कल्याणला गेला. संध्याकाळी मेघना गाडी लावून आली तेव्हा त्याने नवी गुंडाळी तिच्यापुढे उलगडली. पिवळ्या ठळक अक्षरांत एकच नाव होतं, 'मेघना'.

"उद्या लावू या, बाळा. तुझ्याच हाताने लाव. आणि ती बस राहू दे आता."

मेघना त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. कापलेल्या बोटावर अजून पट्टी होती.

"हे काय झालं?" भगवानने विचारलं.

"शनिवारी काच लागली."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्ही नावं गोळा करत होता ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच भगवानला सोसवेना.

मग तिने गुंडाळी पुन्हा नीट गुंडाळली. "बाबा, फार छान काढलंय. पण आता नको. मला हे तेव्हा हवं होतं. आता काच कोरीच बरी. पोरं उतरून मागून धावतात, ती दिसली पाहिजेत. नाव माझं असलं म्हणून काय झालं, त्याच्याआडही पोर दिसणार नाहीच."

"आणि बस?"

"मी होकार कळवलाय. रविवारीच कळवला, कल्याणहून आल्यावर." ती त्याच्याजवळ बसली. "रागाने जात नाहीये, बाबा. घर मी बघेनच. पण मला एकदा माझ्या नावाने गाडी चालवून बघायचीय."

रविवारी! म्हणजे धाकूच्या टपरीवर तो 'लांबून दिसायला पाहिजेत' म्हणाला, त्याच दिवशी. तिथे त्याने तोंडातून दुसरं नाव काढलं असतं तर? भगवानने पुष्कळ विचार केला. पण गेलेल्या वेळेला डिकीसारखी दोरी बांधता येत नाही.

शाळेचा शेवटचा दिवस आला. खडवलीच्या बाजूच्या कच्च्या रस्त्याने आदल्या दिवशी फेरी झाली होती, गाडी धुळीने माखली होती. भगवान नेहमीसारखा बादली घेऊन उतरला. सगळी गाडी पुसली. मागच्या काचेपाशी आला आणि थांबला. मग त्याने काचेचा मधला भाग स्वच्छ केला, मागचा रस्ता दिसेल एवढा. खालची धुळीची पट्टी तेवढी ठेवली आणि बोटाने तिच्यात लिहिलं, 'मेघना'. त्याचं अक्षरही वाकडंतिकडंच आलं.

पोरं चढली. रुचिताने काचेला नाक लावून ती उलटी अक्षरं पाहिली, मग पुढे वाकून आरशात पाहिली आणि ओरडली, "मे-घ-ना! ताई, तुझं नाव आलं!"

मेघनाने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला तरी गाडी हलेना. मग तिने डोळे पुसले, गिअर टाकला आणि म्हणाली, "बाबा, बसा नीट. निघायचंय."

आता मेघना घोडबंदर रोडला शाळेची बस चालवते. व्हॅन चाळीपुढे उभी असते. भगवान रोज सकाळी बादली घेऊन जातो, गाडी पुसतो आणि मागच्या काचेची खालची पट्टी तेवढी सोडून देतो. येणारेजाणारे म्हणतात, "काका, तिथे राहिलं." भगवान म्हणतो, "हो रे बाबा, राहिलं. तेच तर राहिलं."

मंडळी, आज घरी गेल्यावर आपली गाडी, दारावरची पाटी, दुकानाचा फलक एकदा नीट पाहा. घर कुणाच्या कष्टावर उभं आहे आणि नाव कुणाचं लागलंय, हे स्वतःला विचारा. चूक दिसली तर आजच सुधारा. लहान लेकरू आपलं नाव मागतं, हट्ट करतं, धुळीत लिहून ठेवतं. ते मोठं झालं की मागणं सोडून देतं. मग आपण कितीही चांगली अक्षरं काढून आणली, तरी ती लावायची वेळ निघून गेलेली असते.