पंचाचा डबा

उत्कर्षाचं दुकान बंद पडलं ते ऐन पेरूचा गर आटत आला असताना. दुकान म्हणजे शटर-गल्ला असलं काही नव्हतं. 'घरहाट' नावाच्या ऑनलाइन बाजारात एक चौकोन, त्यात बर्फीच्या ताटाचा फोटो आणि वर नाव: 'उत्कर्षाची पेरूबर्फी, निरवांगी'. पण लग्न होऊन आल्यापासून ती या गावात अमक्याची सून आणि तमक्याची बायको होती. तिच्या स्वतःच्या नावाची पाटी तेवढी एकच. आज तिथं करडी पट्टी झळकत होती: बर्फीत मुंगी निघाली, दुकान बंद.

गिऱ्हाइकाच्या तक्रारीसोबत फोटोही होता. मुंगी होती खरी, पण बर्फीवर चांदीचा वर्ख चमकत होता.

"मी जन्मात वर्ख लावला न्हाय!" तिनं तसं लिहून कळवलं. पलीकडून आपोआप उत्तर आलं, संपर्क साधल्याबद्दल आभार.

सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, सोबत घेऊन तिनं तडक बारामती गाठली. तिथं तिचा मामेभाऊ विजयसिंह वकिली करत होता.

"दावा ठोक, दादा."

"ठोकला तरी घरहाटवाले अट दाखवणार. वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, कंपनी नेमेल त्या लवादापुढं जायचं आणि तो म्हणेल ते ऐकायचं. तू 'मान्य' दाबलंयस, ताई."

"मी? कधी?"

आणि मग तिला आठवलं. दोन्ही हात बर्फीनं बरबटलेले, मोबाइल ओट्यावर, आणि ती ओरडली होती, "अप्पा, तेवढं हिरवं दाबा!" लग्नपत्रिकासुद्धा उलटसुलट दोनदा वाचल्याशिवाय खाली न ठेवणाऱ्या अप्पांनी ते बिनबोभाट दाबलं होतं.

"तूच म्हनालीस हिरवं दाबा," अप्पा म्हणाले. "वाचा म्हनालीस का?"

पण लवाद म्हणजे काय ते कळल्यावर म्हातारा एकदम खुलला. "म्हंजे पंचच की!" बांधाच्या भांडणांत अप्पांनी आयुष्यभर पंच म्हणून काम केलं होतं, आणि त्यांचा एक दंडक होता. पंचानं खायचं तर दोन्ही घरचं, नाहीतर कुणाच्याच घरचं नाही.

"ह्यो पंच कंपनीचं खातोय. मग आपलं नगं?"

"अप्पा, त्याला फी म्हणतात," विजयसिंह म्हणाला.

"काय बी म्हना. खातोय न्हवं?"

विजयसिंहनं कंपनीला वाद कळवला. कंपनीनं परस्पर लवाद नेमला, तशी त्यानं रीतसर हरकत लिहून धाडली. अप्पांनीही काहीतरी धाडलं, पण ते कुणाला बोलले नाहीत.

पहिली सुनावणी विजयसिंहच्या ऑफिसात, मोबाइलवर. लवादसाहेब कोट घालून बसले होते, पण चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा. त्यांच्या टेबलावर स्टीलचा डबा होता. झाकणावरच्या पोच्यावरून उत्कर्षानं तो लगेच ओळखला.

"मला एका पक्षाकडून खाऊ आलाय," साहेब म्हणाले. "अर्धा माझ्या नातवानं संपवला. आता मी या कामात बसू शकत नाही." आणि पडदा काळा झाला.

"अप्पा!"

"पोराला आवडली म्हनायची."

कंपनीनं दुसरा लवाद नेमला. उत्कर्षानं घरातले सगळे डबे ट्रंकेत घालून किल्ली कमरेला लावली. अप्पा तहसीलला जाऊन येतो म्हणून इंदापूरला गेले, बाजारात नवा डबा घेतला आणि लवादाच्या नोटिशीवरचा पत्ता कुरिअरवाल्याला दाखवला. दुसरे साहेब पडद्यावर आले तेच ओठ पुसत. तेही गेले. विजयसिंह खुर्चीवरून घसरेस्तोवर हसला, उत्कर्षालाही हसू आवरेना. पण अशानं आपली पाटी कायमची जायची, असंही तिला वाटत होतं.

तिसऱ्या आल्या राजेश्वरीबाई, पुण्याच्या निवृत्त न्यायाधीश. डबा समोरच होता, पण सुतळीची गाठ शाबूत.

"हा कुणी पाठवला?"

अप्पांनी इतका वाकून नमस्कार केला की पडद्यावर नुसती टोपी राहिली. "म्या जी." आणि त्यांनी आपला दंडक सांगितला.

बाईंनी कंपनीच्या वकिलाकडं पाहिलं. "मला नेमलं कुणी?"

"आम्ही, मॅडम."

"यांना विचारून?"

वकील फाइल चाळू लागला.

"हीच हरकत यांच्या वकिलांनी पहिल्या दिवशी लिहून दिली आहे. वाचलीत?"

बाईंच्या आधी हरकत कुणीच वाचली नव्हती. डबा मात्र आधीच्या दोघांनीही उघडला होता.

"एकाच पक्षानं नेमलेला लवाद कायद्यालाही चालत नाही," बाई म्हणाल्या. "आता यांनी लेखी होकार दिला तरच मी बसेन. उत्कर्षाबाई, मी मान्य आहे का तुम्हाला?"

उत्कर्षाला भरूनच आलं. या सगळ्या प्रकरणात तिला कुणी काही विचारलं होतं ते आत्ताच. तिनं पदरानं डोळे टिपले. "आधी डबा उघडा, मॅडम. खाऊ नका, नुसता तो फोटो शेजारी धरा."

डब्यात तांबूस, साधी बर्फी. फोटोत चांदीचा लखलखाट. कंपनीचा वकील घसा खाकरून म्हणाला, "आपण आपसात मिटवलं तर? चौथा लवाद शोधायचा म्हणजे..."

"चौथ्याला दोन डबे!" अप्पा ओरडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइल वाजला. कंपनीचा निरोप: दुकान उघडतोय, तेवढं 'मान्य' दाबा. उत्कर्षाचे हात पुन्हा गरात होते, आणि अप्पांचा अंगठा सवयीनं पुढं सरकला.

"थांबा!" तिनं हात धुतले, उंबऱ्यावर बसली आणि वाचायला लागली.

"पोरी, गर लागला बुडाला!"

"लागू द्या."

खाली, अगदी तळाशी, तीच जुनी अट बसली होती. तिनं ती विजयसिंहला धाडली, त्यानं कंपनीच्या वकिलाला. वकिलाला बहुधा डब्यांची आठवण झाली असावी, कारण उत्तर लगोलग आलं: लवाद दोघांच्या संमतीनं. उत्कर्षानं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"आता दाबा, अप्पा."

अप्पांनी अंगठा धोतराला पुसला, मग मोबाइल उचलून तिच्याच पुढं धरला. "तूच दाब. पाटीवर नाव तुजं हाय."

तिनं दाबलं. मग दोघं मिळून जळकी कढई खरवडायला बसली.