लाल चिंध्यांची खुंटी

मी एक जुनी खुंटी आहे. मित्रांनो, खुंटीला कसले आले आत्मवृत्त, असे म्हणून हसू नका. तुम्ही दप्तराचे ओझे शाळेत जाता-येता वाहता; मी दिवसभर उभ्याउभ्या वाहते आणि कुरकुरही करत नाही. फारशी नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी लाखांदुरात बायकांच्या दूध संस्थेचे केंद्र बांधले गेले. चौकटीतून उरलेल्या सागाच्या तुकड्यातून सुताराने मला घडवले आणि दूधघराच्या दारालगत भिंतीत ठोकले.

माझ्यावर लाल चिंध्या असायच्या. गावात दूध तपासणारी पंचफुला आंबट दुधाच्या कॅनला लाल चिंधी बांधून पाठवायची. आंबट दूधही केंद्रात यायचे, कारण त्याचे पनीर वेगळे करत. चिंधी दिसली की केंद्रात दूध उतरवून घेणारा तेजराम तो कॅन बाजूला ठेवी. नाही दिसली की मोठ्या टाकीत ओती. मग चिंध्या धुऊन तो माझ्यावर वाळत घाली. "या खुंटीच्या भरोशावर केंद्र चालून राहिलं," असे तो म्हणायचा. मला ते फार आवडायचे.

पुढे मोबाइल आले. एकदा एकाचा मोबाइल दुधाच्या कॅनमध्ये पडला. तेव्हा संस्थेच्या अध्यक्ष रत्नमालाताईंनी नियमच केला: दुधाजवळ मोबाइल न्यायचा नाही. आत जाताना सगळ्यांनी तो दारातल्या कापडी थैलीत टाकायचा. ती थैली माझ्याच गळ्यात आली. ओझ्याने मी भिंतीत हलू लागले. येणारा-जाणारा मला हलवून बघे आणि "उद्या ठोकू" म्हणून निघून जाई. खरे सांगते, मला राग यायचा.

अशात एक संकट आले. टाकीतले दूध नासल्यामुळे नागपूरच्या डेअरीने आमचा टँकर परत पाठवला. पंचफुलाने बांधलेली चिंधी वाटेतच सुटून पडली होती. पुन्हा असे झाले तर दूध घेणे बंद करू, असे डेअरीने कळवले. म्हणजे संस्था बंद. गावोगावच्या बायकांनी रत्नमालाताईंच्या शब्दावर दूध घातले होते. ताईंच्या तोंडचे पाणी पळाले.

मग ठरले, की निरोप आपोआप पोचवणारे ॲप घ्यायचे. पंचफुलाने गावात नोंद केली, की पुढच्या माणसाला लगेच कळणार. दोन ॲप समोर होती. एक नुसते मोबाइलवर निरोप पाठवायचे. दुसरे टाकीवर लाल दिवा लावायचे.

"दिवा कायले पाहिजे?" संस्थेचे सचिव मधुकरराव म्हणाले. "भिंती फोडा, वायर टाका. मोबाइल त साऱ्यांजवळ आहे."

ताईंना ते पटले. पहिल्या ॲपची एक दिवस चाचणी घ्यायची आणि संध्याकाळी नक्की करायचे, असे ठरले. त्या दिवशी चिंध्या बंद. माझ्यावर फक्त थैली उरली.

सकाळी तेजराम आला. त्याने हात धुतले, मोबाइल थैलीत टाकला आणि आत गेला. थोड्या वेळाने थैलीत काहीतरी थरथरले. पुन्हा थरथरले. माझ्या अंगातून ती थरथर भिंतीपर्यंत गेली. पंचफुलाचा निरोप होता, हे मला कळत होते. पण खुंटीला तोंड कुठे असते? आत यंत्राची घरघर चालू होती. टेम्पो आला. तेजराम एकेक कॅन उचलून टाकीत ओतू लागला. थैली थरथरतच होती.

तेवढ्यात रत्नमालाताई आल्या. स्वतःच्या नियमाप्रमाणे त्यांनी थैलीत मोबाइल टाकला, आणि तेवढे ओझेही मला पेलवले नाही. मी भिंतीतून निखळून खाली पडले. थैली उलटली. फरशीवर तेजरामचा मोबाइल उजळला होता. ताईंनी वाकून निरोप वाचला आणि तशाच आत धावल्या.

"तेजराम, ओतू नको. सात नंबरचा कॅन खाली ठेव."

कॅन टाकीच्या काठावर कलला होता. तेजरामने तो सावरला. "काहून जी ताई? चिंधी त नाही दिसली."

"चिंधी आपण बंद केली नं आज. निरोप तुह्या मोबाइलवर आला."

"मोबाइल त थैलीत आहे. तुम्हीच सांगतलं होतं."

"माहाच नियम," ताई म्हणाल्या, "अन् मीच इसरली."

"मंग त्याले मोबाइल जवळ ठेवू द्या," ताईंच्या मागोमाग आलेले मधुकरराव म्हणाले.

"दुधात पडाले? नाही. दिव्यावालं घेऊ. तेजराम जिथं पाह्यते, निरोप तिथंच आला पाह्यजे."

टाकी वाचली. टँकर नागपुरात उतरला आणि तिकडून तक्रार आली नाही. टाकीवर लाल दिवा बसला. दिवा बसवणाऱ्या मिस्त्रीकडूनच तेजरामने मला पक्के ठोकून घेतले. आता मी हलत नाही. दिवा लागला की दारातून मला दिसतो, आणि अजूनही माझा जीव क्षणभर खालीवर होतो.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही कामासाठी नवी साधने निवडाल. निवडण्याआधी काम करणाऱ्याचे हात कुठे असतात आणि नजर कुठे असते, ते जाऊन बघा. आणि घरात एखादी खुंटी हलत असेल, तर आजच ठोका. मी वेळेवर पडले. प्रत्येक खुंटी तशी पडेलच, असे नाही.