जहिराबादचा राहिलेला चहा

मागच्या सीटवर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि पाच किलो ज्वारी. शेजारी सुभद्रा, आमची मंडळी. घाटनांदूरच्या घरासमोर मी मुलाची कार सुरू केली आणि तसाच बसून राहिलो.

"आता कोणाची वाट बघायलाव?" सुभद्रा म्हणाली.

कोणाचीच नाही. बत्तीस वर्षं बस चालवली. मागून कंडक्टरने दोरी ओढून दोनदा घंटी दिली की गाडी हलवायची, एकदा दिली की थांबवायची. हाताला लागलेली ही सवय निवृत्त होत नाही. मुलगा ड्रायव्हर लावून देणार होता. म्हटलं, बत्तीस वर्षं मी काय बैलगाडी हाकली होय रे?

अंबाजोगाईहून सकाळी निघणारी हैदराबाद गाडी एकोणीस वर्षं माझी आणि बन्सीची होती. मी डायवर, तो मास्तर. आमच्यात कंडक्टरला मास्तरच म्हणतात. रोज पहाटे तो "जयभीम, डायवर" म्हणायचा, मी "जयभीम, मास्तर" म्हणायचो, आणि मग दिवसभर आम्ही भांडायचो. मी तापट, तो थंड. पण डबा एकच. त्याच्या घरची भाकरी, माझ्या घरचं कोरड्यास.

हैदराबादला पोचेपर्यंत अंग आंबून जायचं. स्टँडमागच्या खोलीत पडायचं आणि सकाळी परत. एकोणीस वर्षांत चारमिनार आम्ही कॅलेंडरावरच पाहिला. बन्सी म्हणायचा, "रिटायर झाल्यावर येऊ, डायवर. पासिंजर म्हणून. समदं शहर बघू."

ते राहिलं. माझ्यामुळे राहिलं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. जहिराबादच्या स्टँडवर गाडी आधीच अर्धा तास उशिरा. बन्सी नोंद करायला आणि चहा प्यायला उतरला. मी हॉर्नवर हॉर्न देत होतो, डोकं तापलेलं, आणि त्या तिरीमिरीत गाडी काढली. घंटी झालीच नव्हती. वीस किलोमीटरवर एका म्हातारीने तिकिटाला मास्तर शोधला, तेव्हा कळलं की मास्तर मागेच आहे. लोकांनी तक्रार केली. चौकशीत मी लिहून दिलं, 'डबल बेल ऐकूनच गाडी हलवली.' माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, मी घाबरलो. बन्सी निलंबित झाला. त्याने एका शब्दाने विरोध केला नाही. परत आला तो दुसरी ड्यूटी मागूनच, आणि वर्षभरात मुदतीआधी नोकरी सोडून हैदराबादला मुलीकडे निघून गेला. मी त्याला निरोप द्यायलाही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

आता त्याच्या मुलीने, पौर्णिमाने, फोन केला होता. नवीन घर घेतलंय, काकूला घेऊन या. बन्सी फोनवर आला नाही. मी लगेच हो म्हणालो. त्याला खरं सांगायचं होतं, एवढंच. चारमिनार गेला खड्ड्यात.

लातूर, औसा, उमरगा. रस्ते आता असे गुळगुळीत झालेत की झोप लागावी, आणि मला जुने खड्डे आठवत होते, कारण प्रत्येक खड्ड्याला बन्सीची एक शिवी ठरलेली होती. हुमनाबादला मी सवयीने कार स्टँडात घातली. "हितं कोन पासिंजर बसणार हाय?" सुभद्रा हसली. जहिराबाद आलं, तेव्हा मात्र मी न थांबता गाडी पळवली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं.

बन्सी दारातच उभा होता. केस पांढरेशुभ्र झालेले. "जयभीम, डायवर."

"जयभीम, मास्तर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमाने आम्हाला फिरवलं. चारमिनार वर चढून पाहिला. बन्सी पायऱ्या मोजत होता, जशा पूर्वी सीटा मोजायचा. मग सालारजंग म्युझियम. तिथे एक मोठं घड्याळ आहे. दर तासाला त्यातून इवलासा माणूस बाहेर येतो आणि जितके वाजले तितके टोल देतो. ते बघायला शे-दोनशे माणसं बाकांवर बसून राहतात. पावणेदोन वाजले होते. पौर्णिमा आणि सुभद्रा पुढे बसल्या, आम्ही दोघं मागे.

तिथेच मी बोललो. "मास्तर, जहिराबादला तुमी घंटी दिली नव्हती. मी खोटं लिहिलं."

बन्सीने घड्याळावरची नजर माझ्याकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "दिली नव्हती?"

"न्हाई."

"मला बी तसंच आठवत व्हतं. पण तुमी लिहून दिलं म्हणल्यावर... एकोणीस वर्षांत तुमी माझ्याशी कधी खोटं बोलला न्हाईत. म्हणलं, मीच घंटी दिली आसंल, मग उतरलो आसंल, आन् इसरलो आसंल. म्हणून नोकरी सोडली, डायवर. पन्नास माणसं गाडीत, आन् आपलं डोकं ठिकाणावर न्हाई. आठ वर्षं झाली, घराबाहेर पडलो की कुलूप दोनदा बघतो. नातीला शाळेतून आणायला जात न्हाई. रस्त्यातच इसरून आलो म्हणजे?"

मला वाटलं होतं, मी त्याचा मान घेतला. मी त्याचा स्वतःवरचा भरवसाच काढून घेतला होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

तेवढ्यात घड्याळातला माणूस बाहेर आला. दोन टोल पडले. सगळे टाळ्या वाजवत होते. बन्सी उठला आणि एकटाच बाहेर निघून गेला.

घरी परतताना तो माझ्याशी बोलला नाही. मीही माफी रेटली नाही. आठ वर्षांचा हिशोब एका 'चुकलं'मध्ये मिटत नसतो. पण चार वाजता तो चप्पल घालून निघाला आणि नातीला शाळेतून घेऊन आला. पौर्णिमा दारात बघतच राहिली.

सकाळी आम्ही निघालो. बन्सी गाडीमागे उभा होता. मी इंजिन सुरू केलं आणि थांबलो.

गाडीच्या टपावर थाप पडली. एकच. एक म्हणजे थांबा. मी ब्रेकवरचा पाय घट्ट दाबला.

मागचं दार उघडलं. ज्वारीच्या रिकाम्या पिशवीशेजारी बन्सी येऊन बसला.

"जहिराबादपोत येतो," तो म्हणाला. "माझा चहा ऱ्हायलाय तिथं. पैसे तुमी द्यायचे. परत मी बसनं येईन, एकटा."

मग त्याने वाकून माझ्या सीटच्या पाठीवर बोटाने ठोकलं. दोनदा. मी गाडी हलवली.