अकरावी ओळ

गाडीतल्या रेडिओचं गोल बटण ज्याने काढून टाकलं, त्याला एकदा समोर उभं करून जाब विचारावा, असं मास्तरांना कित्येक वर्षं वाटत आलं होतं. माणसं रस्त्यावरची नजर न हलवता नुसत्या हाताने चाचपून रेडिओ लहानमोठा करत होती, त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं. पण कुठल्याशा गार खोलीत बसलेल्या कुणा शहाण्याला वाटलं की रेडिओ, नकाशा, फोन, पंखा, सगळं एका चकचकीत स्क्रीनमध्ये कोंबावं, आणि स्टेशन बदलायचं तर तिसऱ्या पानावर जाऊन यादी बोटाने सरकवावी. काचेवर बोटाला काही लागत नाही, म्हणून डोळ्यांनी बघावं लागतं, आणि डोळे तर दोनच, तेही एकाच दिशेला. हे मास्तर जेवणाच्या सुट्टीत रोज कुणाला ना कुणाला ऐकवत, आणि ऐकणारा डबा बंद करून उठला तरी आपलं वाक्य पुरं करत.

मास्तर हे त्यांचं शोरूममधलं टोपणनाव. नवी गाडी ताब्यात देताना गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून स्क्रीन आणि रेडिओ समजावून द्यायचा, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांना खरोखर चांगलं येत होतं. फोन जोडायचा, सहा आवडती स्टेशनं विचारून साठवायची, आवाजाची मर्यादा लावायची, आणि सगळ्यात शेवटी गाडी ताब्यात देण्याच्या फॉर्मवरची अकरावी ओळ करून दाखवायची: गाडी चालत असताना स्क्रीनला हात लावू नये, स्टेशन बदलायचं तर स्टिअरिंगवरच्या डाव्या बटणांनी बदलावं. त्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. मास्तर उभ्या गाडीत गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावत, अंगठा त्या उंचवट्यावर ठेवायला सांगत आणि सहाही स्टेशनं न बघता बदलून घेत. याला चाळीस मिनिटं लागत.

मग नवे मॅनेजर आले आणि चाळिसाची दहा मिनिटं झाली. लोकांना घाई असते, म्हणाले. नव्या गाडीबरोबर फोटो काढला की त्यांना घर दिसतं. फोटोनंतर कुणी सहीला थांबत नाही, म्हणून सही आधी घ्यायची आणि अकराही ओळींपुढे बरोबरच्या टिका मागाहून टेबलावर बसून मारायच्या, असा रिवाज पडला. मास्तरांनी त्याविरुद्ध आकाशपाताळ एक केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तेही तसंच करू लागले. पेन न उचलता अकरा टिका मारायला त्यांना चार सेकंदही लागत नसत.

एका मंगळवारी दुपारी एक गृहस्थ त्यांना शोधत आले. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. शर्टाच्या खिशात बारीक पेचकस आणि काच पुसायचं फडकं होतं. त्यांच्या बायकोने चार महिन्यांपूर्वी याच शोरूममधून गाडी नेली होती. तीन आठवड्यांपूर्वी, लख्ख सकाळी, सरळ रस्त्यावर, ती गाडी कडेला उभ्या असलेल्या ट्रकखाली गेली. आतली स्क्रीन फुटली नव्हती. पोलिसांनी दार उघडलं तेव्हा तिच्यावर स्टेशनांची यादी होती, निम्मी वर सरकवलेली.

"मला भांडायचं नाही," चष्मेवाले म्हणाले. "घरात सगळे म्हणतात, तिचंच चुकलं. आई म्हणते, गाण्यांचं वेड नडलं. परवा माझी मुलगी पण तसंच बोलली, नऊ वर्षांची. म्हणून फक्त एवढंच सांगा, ती बटणं तुम्ही तिला दाखवली होतीत का? तिला माहीत असूनही तिने स्क्रीनला हात घातला का?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोण आपल्याला विचारणार? त्यांनी कपाटातून फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला. खाली बाईंची सही होती, ठसठशीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. वर अकराही ओळींपुढे टिका होत्या.

"सगळं समजावलं होतं," मास्तर म्हणाले. "ही त्यांची सही. यापुढे कुणी ऐकायचंच नाही म्हटलं तर आम्ही काय करणार?"

चष्मेवाले त्या अकराव्या टिकेकडे बराच वेळ बघत राहिले. मग मान हलवून, आभार मानून निघून गेले.

ते गेल्यावर मास्तरांचा संताप निवायच्या ऐवजी वाढतच गेला. त्यांना तो दिवस लख्ख आठवत होता. त्या दिवशी नऊ गाड्या द्यायच्या होत्या, मॅनेजर काचेपलीकडून घड्याळ दाखवत होते, आणि बाईंनी सही करून झाल्यावर स्क्रीनभोवती हात फिरवत विचारलं होतं, "फिरवायचं बटण कुठे गेलं हो?" बोलण्याआधी हलकंसं खोकायची त्यांना सवय होती. ज्या प्रश्नासाठी मास्तरांनी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, तो आयुष्यात प्रथमच कुणीतरी आपणहून विचारला होता, आणि मास्तर दार उघडून उतरता उतरता म्हणाले होते, "वापरता वापरता येतं."

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे मॅनेजर, कंपनी, ट्रक रस्त्यात उभा करणारा आणि चष्मेवाल्यांचा आगाऊपणा, हे सगळं.

"पण अहो, तुम्ही दाखवली होतीत ना ती बटणं?"

"तू पण आता माझी उलटतपासणी घे," मास्तर म्हणाले आणि अर्ध्या जेवणातून उठले.

शुक्रवारी सकाळी एक नवी गाडी तयार करताना तो प्रकार पहिल्यांदा झाला. स्टेशनं साठवण्याआधी रेडिओ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघावा लागतो. शेवटच्या स्टेशनापुढे काही नसतं, नुसती खरखर. ती खरखर त्या दिवशी थांबली आणि कुणीतरी बोलू लागलं. शांत, समजूतदार, अजिबात घाई नसलेला आवाज होता. आधी फोन जोडून घेऊ, म्हणत होता. पहिलं स्टेशन कोणतं ठेवू या तुमच्यासाठी? मास्तर दोन वाक्यं ऐकेपर्यंत हसतच होते, कारण कुणीतरी आपल्यासारखंच काम करतंय असं त्यांना वाटलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की तो आवाज त्यांचाच आहे, चाळीस मिनिटं मिळायची तेव्हाचा. आवाज थांबला, हलकंसं खोकणं ऐकू आलं, आणि एक बाई म्हणाली, "हं, पुढे?"

त्यांनी रेडिओ बंद केला नाही. बंद करायचं सुचलंच नाही. एक ते दहा, प्रत्येक ओळ त्या आवाजाने नीट, उदाहरणं देऊन समजावली, आणि प्रत्येक ओळीनंतर बाई "हं, पुढे?" म्हणाली. दहावी झाल्यावर ती म्हणाली, "आणि गाडी चालत असताना?"

त्यापुढे काहीच नव्हतं, खरखरसुद्धा नव्हती. कुणीतरी उत्तराची वाट बघत थांबावं तसा रेडिओ थांबून राहिला.

शनिवारी दुसऱ्या गाडीत तेच झालं. सोमवारी तिसऱ्या गाडीत, आणि या वेळी शेजारी गिऱ्हाईक होतं, एक निवृत्त परिचारिका. मास्तरांनी घाईने हात पुढे केला, पण तिने तो अडवला आणि शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. "तुमचाच आवाज ना? फार छान रेकॉर्ड केलंय," ती म्हणाली. "पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय बघा." मास्तरांनी तिला तोंडाने उत्तर दिलं, अंगठा ठेवायला लावला, पण डोळे मिटायला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही.

मंगळवारी त्यांचा तोल सुटला. शोरूमच्या मागच्या बाजूला, धुऊन ठेवलेल्या गाडीत ते एकटेच होते. बाईने विचारलं, "आणि गाडी चालत असताना?" आणि मास्तर त्या काळ्या काचेवर अक्षरशः ओरडले. "गाडी चालत असताना स्क्रीनला हात लावायचा नाही! डाव्या हाताचं बटण, त्यावर उंचवटा आहे, अंगठ्याला लागतो, बघायचं कारणच नाही! हे काय मी तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं? विचारलंत तर थांबायचं होतंत, हट्ट धरायचा होतात! मला काय तुम्ही एकट्याच होतात?"

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बैल गेला आणि झोपा केला, तो सुद्धा शिव्या देत. रेडिओतून खोकल्याचा बारीक आवाज आला. "हं," बाई म्हणाली. या वेळी तिने "पुढे" म्हटलं नाही, आणि खरखर सुरू झाली.

त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही, पण राग मात्र पार विझून गेला होता, आणि राग नसला की आत काय असतं ते त्यांना दिसलं. नऊ वर्षांची एक मुलगी आपली आई स्वतःच्या चुकीने गेली असं समजत मोठी होणार होती, आणि ते खोटं एका टिकेवर उभं होतं. सकाळी त्यांनी कपाटातून तो फॉर्म काढला, चष्म्याच्या दुकानात फोन केला आणि म्हणाले, "जरा येऊन जाल का? तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय."

तोंडाने सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ठरवलं की रेडिओच लावायचा. दहाव्या ओळीनंतर बाई विचारेल, आपला आवाज गप्प होईल, आणि ती शांतता ऐकल्यावर चष्मेवाल्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. आपण फक्त एवढंच म्हणायचं, असंच झालं होतं.

चष्मेवाले दुपारी आले. मास्तरांनी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, स्वतः नेहमीसारखे शेजारी बसले, फॉर्म मांडीवर ठेवला आणि रेडिओ शेवटच्या स्टेशनापलीकडे नेला. खोकणं ऐकताच चष्मेवाल्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. हे काय आहे, कुठून आलं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. एक ओळ झाली, दोन झाल्या, दहा झाल्या.

"आणि गाडी चालत असताना?" बाईने विचारलं.

मास्तरांनी डोळे मिटले.

"गाडी चालत असताना स्क्रीनला हात लावायचा नाही," त्यांचा आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, ओरडणं नव्हतं. कालचेच शब्द होते, पण धुऊन, इस्त्री करून ठेवल्यासारखे. "डाव्या हाताचं बटण. त्यावर उंचवटा आहे, अंगठ्याला लागतो. बघायचं कारणच नाही. डोळे मिटा बरं, आणि करून बघा." मग एकामागून एक सहा स्टेशनं बदलल्याचे सहा बारीक टकटक आवाज आले.

"हं," बाई म्हणाली. "समजलं."

चष्मेवाल्यांचे खांदे खाली आले. फडकं काढून त्यांनी आधी चष्मा पुसला, मग डोळे. "म्हणजे माहीत होतं तिला," ते म्हणाले. "सगळं माहीत होतं. मीच उगीच तुमच्यावर संशय घेतला. मुलीला काय सांगायचं ते आता कळलं."

नाही, मास्तरांना म्हणायचं होतं, हे खोटं आहे, त्यांना मी काहीसुद्धा दाखवलं नव्हतं. त्यांनी चष्मेवाल्यांच्या दंडावर हात ठेवला, तोंड उघडलं, ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, आणि घशातून नुसती खरखर आली.

चष्मेवाल्यांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते स्क्रीनकडे बघत होते, आणि स्क्रीनमधून मास्तरांचा शांत, समजूतदार आवाज म्हणत होता, "आता खाली सही करा."