नंदाबाईंचा सत्कार आणि मी, माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि मला माणसांच्या तोंडांचा वीट आला आहे. तुम्हाला हे उद्धटपणाचे वाटेल. पण तीस वर्षे रोज कोणीतरी तुमच्या तोंडाशी तोंड आणून, तंबाखूचा वास सोडत, थापा मारत उभे राहिले असते, तर तुम्हीही माझ्यासारखेच बोलला असता.

माझा जन्म मुंबईतल्या एका कोंदट कारखान्यात झाला. वर लोखंडी जाळी, आत पातळ पडदा आणि केसाएवढी तांब्याची तार, एवढाच माझा देह. वडगाव मावळचे केरबाभाऊ मला विकत घेऊन आले. मंडप आणि साउंडचा त्यांचा धंदा तेव्हा नवा होता. त्यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, मला हळदकुंकू लावले आणि घाबरत घाबरत ‘हॅलो, हॅलो’ म्हटले. त्या दोन शब्दांत जेवढा खरेपणा होता, तेवढा पुढच्या तीस वर्षांत मला फार थोड्यांकडे दिसला.

मी काय काय सोसले ते सांगू का? लग्नात वरमाईची ओळख करून देताना पाहुण्यांची यादी अर्धा तास चालायची. निवडणुकीत सकाळी एका पुढाऱ्याला देवमाणूस म्हणणारा गडी दुपारी दुसऱ्याच्या मांडवात तेच शब्द म्हणायचा, आणि दोन्हीकडे भाड्याने मीच असायचो. शोकसभेत एकाने तर गेलेल्या माणसाचे नाव खिशातल्या चिठ्ठीत शोधले. बैलगाडा शर्यतीत ओरडणारा तेवढा बरा, कारण तो समोर जे दिसते तेच सांगतो.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे सत्कार. सत्कारात ज्याचा सत्कार असतो, त्याच्याविषयी कोणीच बोलत नाही.

केरबाभाऊ होते तोवर माझा थाट होता. कार्यक्रम संपला की ते मला मऊ फडक्याने पुसायचे आणि ‘आवाज कसा खणखणीत आहे बघ’ म्हणून लोकांना दाखवायचे. ते गेल्यावर त्यांचा मुलगा कैलास बिनवायरचे नवे माईक घेऊन आला. माझी रवानगी पेटीत, गुंडाळलेल्या वायरींच्या खाली झाली. माझ्या वायरीला चार ठिकाणी काळी चिकटपट्टी आहे. लाज मला वाटत नाही, ज्यांनी वायर पायाखाली तुडवली त्यांना वाटावी.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार होता. नवे माईक लोणावळ्याच्या एका लग्नाला गेले होते, म्हणून कैलासने मला बाहेर काढले. वडगावच्या मंगल कार्यालयात नंदाबाई ओव्हाळ यांचा सेवापूर्तीचा सत्कार होता. चौतीस वर्षे नोकरी, सहा वाड्यांवरच्या शाळा, शेवटची नऊ वर्षे तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला असलेल्या उंबरवाडीत. बाई बारीक चणीच्या, सुती साडीतल्या. सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या आणि सारख्या दाराकडे पाहत होत्या. मी मनात म्हटले, झाले, आता मेणबत्ती येणार.

आली. सूत्रसंचालन करणारा सुहास पहिल्याच वाक्यात म्हणाला, “स्वतः जळून इतरांना प्रकाश देणारी मेणबत्ती म्हणजे शिक्षक.” पुढे ती मेणबत्ती आणखी चौघांनी पेटवली. ‘ज्ञानदान’ हा शब्द मी एकेचाळीस वेळा सोसला. एकाने बाईंची सेवा तीस वर्षांची सांगितली, दुसऱ्याने चाळीस. तिसऱ्याने तर त्यांना मंदाबाई करून टाकले. बाई काय शिकवत, कशा शिकवत, त्यांच्या वर्गात बसायला कसे वाटे, यावर एक अक्षर नाही. हे सगळे लोक त्यांचा गौरव करायला आले होते, म्हणे.

खरे काय ते मला अँप्लिफायरजवळच्या कुजबुजीतून कळले. शकुबाई नावाची एक बाई मागच्या रांगेतून उठून कैलासजवळ आली. ती उंबरवाडीच्या शाळेत खिचडी शिजवते.

“कैलास, आपली पोरं सकाळी सातपासनं रस्त्याच्या कठड्याव बसल्यात,” ती म्हणाली. “आंघोळी करून, तेल लावून. बाजीराव भाऊंची मानसं म्हनलेली, गाडी धाडतो. मी आपली यष्टीनं आले.”

“मावशी, ती गाडी बेगडेवाडी स्टेशनाव गेली. पाव्हनं आनाया,” कैलास खाली मान घालून म्हणाला. तोही लहानपणी बाईंच्याच हाताखाली शिकला होता.

“आन सोमवारी शाळा कोन उघडनार?”

“म्हंजी? नवं मास्तर येनार न्हाईत?”

“न्हाई. वरनं कागद आलाय म्हनं. नऊच पोरं हायत, बाई गेल्या की कुलूप. पेठंला चालत जा म्हनत्यात. पाच किलोमीटर. आठ दिस झालं, बाई समद्यांना हेच इचारत्यात. कोन धड बोलंना.”

तेव्हा मला कळले, बाई दाराकडे का पाहत होत्या. आणि हेही कळले की त्या सत्कार घ्यायला आल्याच नव्हत्या. एक प्रश्न विचारायला आल्या होत्या.

प्रमुख पाहुणे बाजीराव लोणावळ्याहून दोन तास उशिरा आले. सोबत चिक्कीचे खोके आणि फोटो काढणारे चार जण. बाईंच्या पहिल्या वर्षीच्या पहिलीच्या वर्गात हे महाशय होते. आता तालुक्यात त्यांच्या शब्दावाचून पान हलत नाही, असे त्यांनी स्वतःच माझ्यातून सांगितले. चाळीस मिनिटे बोलले. त्यातली सदतीस स्वतःवर, दोन लोणावळ्याच्या रस्त्यातल्या गर्दीवर आणि एक बाईंवर. मग त्यांनी काचेच्या फ्रेममधले मानपत्र बाईंच्या हाती दिले. त्यात सोनेरी अक्षरांत त्यांना माउली, दीपस्तंभ आणि वटवृक्ष असे तिन्ही एकाच ओळीत केले होते.

जिलेबीचा वास आत आला. सुहास म्हणाला, “वेळेअभावी बाईंनी दोन मिनिटांत मनोगत व्यक्त करावे. त्यानंतर सर्वांनी जेवून जावे.” निम्मी माणसे उठलीसुद्धा.

बाई माझ्यासमोर आल्या. मला त्यांनी वीतभर लांब धरले. पर्समधून हजेरीपट काढला आणि म्हणाल्या, “बसा. हजेरी घेते.”

मित्रांनो, उठलेली माणसे बसली. का बसली ते त्यांचे त्यांनाही कळले नसेल.

“स्वराज.”

 बाई थांबल्या, वर्गात थांबतात तेवढ्याच.

“प्रेरणा. गौरव.”

कोणीतरी हसले.

“माऊली. कोमल.”

मग कोणी हसले नाही. स्पीकरमधून शांतताही मोठी ऐकू येते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले. बाईंनी नऊच्या नऊ नावे घेतली आणि हजेरीपट मिटला.

“नऊपैकी नऊ गैरहजर,” त्या म्हणाल्या. “त्यांना आणायला गाडी मिळाली नाही. ज्यांना मी शिकवते ते इथे नाहीत. मग तुम्ही सत्कार कशाचा करताय? बाजीराव, उभा राहा.”

बाजीराव उभे राहिले. चट्दिशी, हात खाली सोडून.

“माझ्या वर्गातले मूल आले नाही की मी त्याच्या घरी जायचे. तुझ्याही घरी तीनदा आले होते. तू गोठ्यात लपायचास. आता सांग, सोमवारी उंबरवाडीची शाळा कोण उघडणार?”

“बघतो मी बाई. वरती बोलतो.”

“बघतो हे उत्तर नाही.”

बाजीरावांनी सभागृहाकडे पाहिले. मग सवयीने माझ्याकडे झुकले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, “शब्द देतो बाई. शाळा बंद पडणार नाही.” टाळ्यांचा कडकडाट झाला.  ‘शब्द देतो’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाहिले आहे की त्याचे वजन मला पाठ आहे. काही नाही. हवेएवढेसुद्धा नाही. त्या वाक्यावर मावळात किती पूल आणि किती नळ उभे आहेत ते तुम्हीच जाऊन शोधा.

बाईंनाही ते ठाऊक असावे. त्यांनी मानपत्र उचलले, टेबलावर उपडे घातले आणि फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर वह्या तपासायचा लाल पेन ठेवला.

“लिहून दे.”

तीनशे माणसांसमोर तो तालुक्याचा मोठा माणूस वाकला आणि लिहू लागला. घाम कानावरून ओघळत होता. फोटो काढणाऱ्या चौघांना काय करावे सुचेना. बाई शेजारी उभ्या होत्या. “तारीख घाल. खाली सही. अक्षर अजून तसेच आहे तुझे. आता मोठ्याने वाच.”

बाजीरावांनी वाचले, “उंबरवाडीची शाळा चालू राहील. सोमवारी दोन डिसेंबरला नवीन शिक्षक हजर होतील.” माझ्या उभ्या आयुष्यातले सगळ्यांत छोटे आणि एकमेव ऐकण्याजोगे भाषण ते.

बाई जेवायला थांबल्या नाहीत. “मला नऊ घरी जायचंय,” म्हणाल्या. कैलासने मला वायरीसकट टेम्पोत टाकले, शकुबाईला मागे बसवले आणि त्यांना वाडीवर पोहोचवले. पाच पोरे अजून कठड्यावरच होती. चौघांना बाईंनी घरोघर जाऊन आणले. शाळेच्या ओट्यावर पुन्हा हजेरी झाली. नऊ वेळा ‘हजर’ ऐकू आले. मला चालू करायची कोणाला गरज वाटली नाही, आणि खरे सांगतो, मला बरे वाटले.

सोमवारी कोणी शिक्षक आले नाहीत. मला नवल वाटले नाही. निवृत्त नंदाबाई मात्र यष्टीने आल्या, कुलूप काढले आणि शिकवू लागल्या. मानपत्र त्यांनी ओट्याच्या भिंतीवर टांगले, सोनेरी बाजू भिंतीकडे आणि लाल अक्षरे रस्त्याकडे. त्या रस्त्याने तिकोणा गडावर जाणारी मंडळी येतात. त्यांनी फोटो काढले. ते फोनाफोनांतून तालुकाभर फिरले, बाजीरावांच्या सासुरवाडीपर्यंत गेले. नवव्या दिवशी रुपाली नावाच्या तरुण बाई आदेश घेऊन शाळेत हजर झाल्या. चाळीस मिनिटांच्या भाषणाने जे झाले नसते, ते एका पुठ्ठ्याने झाले.

मग बाजीराव स्वतः आले. गोड हसून म्हणाले, “बाई, शिक्षक आले ना आता. ते मानपत्र सुलटं करा की. गावात शोभत न्हाई.”

“राहू दे,” नंदाबाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षीही शिक्षक लागतील.”

कैलासने मला सत्काराच्या दिवशीच शाळेला देऊन टाकले होते. पोरे माझ्यातून पाढे म्हणतात. त्यांची तोंडे स्वच्छ असतात आणि सात पाचे पस्तीस यात खोटे काही नसते. मला जपायचे असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, वायर पायाखाली घेऊ नका, एवढे पुरे.

पण मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. आपल्या एखाद्या बाईंचा सत्कार करावा असे तुमच्याही मनात येईल. करा. फक्त त्याआधी विचारा, त्यांची शाळा उद्या कोण उघडणार. उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून घ्या. आणि ते हातात पडेपर्यंत कोणालाही माझ्यातून जेवणाची घोषणा करू देऊ नका.