खंडाच्या दिवशीचा बर्फ

वर्षातला एक दिवस मी आमच्या संशोधन केंद्राच्या लेखी अस्तित्वात नसे.

कंत्राटी माणसाला सलग कामावर ठेवले तर तो उद्या कायम होण्याचा हक्क सांगेल, अशी खात्याला भीती असते. म्हणून जुने कंत्राट एका संध्याकाळी संपते, मध्ये एक दिवस मोकळा सोडतात आणि त्यानंतरच्या सकाळी नवे कंत्राट सुरू होते. त्या मोकळ्या दिवसाला ‘तांत्रिक खंड’ म्हणतात. त्या दिवशी आम्ही केंद्राच्या आवारात पाऊलही ठेवलेले नाही, असे प्रमाणपत्र संचालक दर वर्षी सही करून वर पाठवतात. आमचा फिटर या दिवसाला ‘आपली पुण्यतिथी’ म्हणत असे.

जमिनीला मात्र खंड नसतो. आम्ही जमिनीचे तापमान मोजतो. केंद्राच्या मागच्या अंगाला एक खोल विंधनछिद्र आहे. त्यात निरनिराळ्या खोलींवर तारा सोडल्या आहेत आणि तळघरातल्या पडद्यावर त्यांच्या रेघा अहोरात्र उमटत असतात. सर, म्हणजे आमचे संचालक, तरुण असताना त्यांनी हे छिद्र पाडून घेतले. तेव्हापासून ही मालिका एकदाही तुटलेली नाही. इतक्या खोलवर तापमान इतके सावकाश बदलते की दोन-चार वर्षांच्या नोंदींतून काहीच कळत नाही. सगळी किंमत सलगपणाची आहे.

पाहणाऱ्याला वाटते, यंत्र आपोआप चालते. ते अर्धसत्य आहे. या तारा तापमान सांगत नाहीत, दोन टोकांच्या तापमानांतला फरक सांगतात. एक टोक जमिनीत असते. दुसरे टोक नेमके शून्य अंशावर ठेवावे लागते, आणि त्यासाठी वितळत्या बर्फाइतके स्वस्त आणि प्रामाणिक दुसरे काही नाही. तळघरात एक मोठा थर्मास आहे. शुद्ध पाण्याचा बर्फ रव्यासारखा बारीक कुटून त्यात सकाळ-संध्याकाळ ठासायचा आणि तळाशी साचलेले पाणी काढून टाकायचे. हे केले नाही तर शून्य हळूहळू वर सरकते, आणि पडद्यावर जमीन गार होत चालल्याचे दिसते. बर्फाऐवजी चालणारे एक विजेवरचे उपकरण मिळते. त्याची मागणी फार पूर्वी खरेदी विभागात गेली आणि तिथेच राहिली. आमच्यापैकी कायम झालेली ती एकटीच.

तर खंडाच्या दिवशी बर्फ कोण भरणार? हा प्रश्न पहिल्या वर्षी कुणी मोठ्याने विचारला नाही आणि नंतर त्याची गरज उरली नाही. मी मागच्या फाटकाने जात असे. फाटकावरचे काका कडी काढत आणि पाठ फिरवत. “मी कुणाला बघितलं नाही, ताई,” ते फाटकाकडे पाठ करून म्हणत, “पण पायरी ओली आहे, जपून.” सकाळी मी आणि संध्याकाळी फिटर, अशी वाटणी होती. सरांना ती ठाऊक होती. ते त्या दिवशी आपल्या खोलीचे दार लावून घेत.

या वर्षी खात्याने सर्व केंद्रांतली पदे तपासायला परीक्षक नेमले. आमच्याकडे आलेले गृहस्थ सभ्य आणि हुशार होते. त्यांनी चहासुद्धा स्वतःच्या बाटलीतला घेतला. दोन दिवस त्यांनी आमची नोंद चाळली आणि तिसऱ्या दिवशी आम्हा तिघांना बोलावून समोर आलेख ठेवला.

“खंडाच्या दिवशी इथे कंत्राटी माणूस नसतो. बरोबर?”

“बरोबर,” सर म्हणाले. दुसरे काय म्हणणार? सही त्यांचीच होती.

“कायम कर्मचारीही तळघरात जात नाहीत?”

“नाही.”

“मी सगळे खंडाचे दिवस वेगळे काढले,” परीक्षक म्हणाले. “बाकीच्या दिवसांशी त्यांची तुलना केली. काहीही फरक नाही. माणूस असला काय, नसला काय, नोंद तीच.”

“पण बर्फ—” फिटर म्हणाला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

“बर्फाचं मी वाचलं. बर्फ लागत असता तर त्या दिवशी नोंद बिघडली असती. ती बिघडत नाही. मला वाटतं, बर्फ ही तुमची प्रथा आहे, गरज नव्हे.”

सहकारी मला शंकासुर म्हणतात. सभागृहात कुणाचाही निष्कर्ष ऐकला की माझा हात आपोआप वर जातो. त्या दिवशी तो मांडीवरच राहिला. त्यांचा तर्क निर्दोष होता. त्यांच्या जागी असते तर मीही हेच लिहिले असते. आमच्यामुळे काय फरक पडतो, हे दाखवणारे एकमेव दिवस आम्हीच निष्ठेने बिघडवून ठेवले होते. असली चूक एखाद्या विद्यार्थ्याने केली असती, तर मी त्याला पुन्हा पहिल्यापासून प्रयोग करायला लावला असता.

खरे सांगायची सोय नव्हती. सांगितले असते, तर सरांची सही खोटी ठरली असती आणि बेकायदा हातांनी घेतलेल्या नोंदी रद्द झाल्या असत्या. दर वर्षी एक भोक, म्हणजे सगळ्या मालिकेची चाळण.

परीक्षक न्यायी होते, हे कबूल करायला हवे. ते म्हणाले, “मला घाईने काही लिहायचं नाही. तुमचा यंदाचा खंड पुढच्या आठवड्यात आहे. त्या दिवसाची नोंद मला पाठवा. बिघडली, तर मी चुकलो असं लिहीन आणि पदं राहतील. नाही बिघडली, तर…” त्यांनी बाटलीचे झाकण लावले.

बाहेर आल्यावर फिटर म्हणाला, “ताई, आयुष्यात पहिल्यांदा काम न करण्यावर नोकरी टिकणार आहे. एवढं जमेल ना आपल्याला?”

“जमायलाच पाहिजे.”

“माझं सांगता येत नाही. मी बायकोला चपला लपवायला सांगणार आहे.”

आमच्या घरात दुसरा पगार नाही. मी आणि आई अशा दोघीच राहतो. आईचा गुडघा सुजलेला असतो. माझ्या वयात दुसरीकडे नव्याने सुरुवात करणाऱ्या लोकांविषयी मी वाचले आहे. भेटलेले कुणी नाही.

खंडाच्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठले, तयार झाले आणि खुर्चीवर बसले.

“आज जायचं नाही ना तुला?” आईने विचारले.

“नाही.”

“मग चपला घालून का बसलीयेस?”

मी चपला काढल्या. एव्हाना तळाशी पाणी साचू लागले असेल, हे मला बसल्या जागी कळत होते. दुपारी पहिली तार ढळेल, मग दुसरी. जी मालिका राखण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, ती मी घरी बसून मोडत होते, आणि हे प्रथमच शास्त्रीयदृष्ट्या योग्य होते. दुपारी फिटरचा फोन आला.

“घरीच आहात ना, ताई?”

“घरीच. तुम्ही?”

“मीही. बायको म्हणते, पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरू नका, फरशी झिजेल.” मग त्याने आवाज उतरवला. “आतापर्यंत अर्धा अंश तरी गेला असेल, नाही?”

“फोन ठेवा,” मी म्हणाले.

नवे कंत्राट अजून दिलेले नव्हते, पण निकाल लागेपर्यंत यायची तोंडी परवानगी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे एकदमच तळघराच्या पायऱ्या उतरलो. पडद्यावरच्या सगळ्या रेघा सरळ होत्या.

फिटरने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले.

“ताई, खरं सांगा.”

“तुम्ही सांगा.”

“आईशप्पथ, मी उंबरठा ओलांडला नाही. चपलाच नव्हत्या.”

“मी दिवसभर आईसमोर होते.”

“मग काय भुताने भरला?”

भुतांविषयी माझे मत सर्वांना ठाऊक आहे. मी थर्मासचे झाकण काढले. बर्फ होता, पण तो आमच्यापैकी कुणाचा नव्हता. सुपारीएवढे खडे होते, मध्ये पाण्याच्या पोकळ्या. रेघा जवळून पाहिल्या तर त्या आदल्या दुपारपासून किंचित थरथरत होत्या. परीक्षकांच्या गणितात ही थरथर दिसली नसती. बर्फ कुटायची लाकडी मोगरी चुकीच्या खुंटीला टांगलेली होती. आम्ही येण्यापूर्वी, सर स्वतः बर्फ कुटत तेव्हा, ती जिथे टांगलेली असे त्या जुन्या खुंटीला.

आम्ही वर गेलो. सर खोलीत दार उघडे ठेवून बसले होते. उजव्या तळहातावर फोड आला होता.

“मी फक्त बघायला उतरलो होतो,” ते म्हणाले.

फिटर त्या फोडाकडे पाहत होता.

“वरची तार ढळायला लागली होती. मग तिच्या खालची. माझ्या डोळ्यांसमोर.” त्यांनी हात मिटला. “तुमच्या नोकऱ्यांचा विचार केला नाही असं समजू नका. केला होता. शेवटच्या पायरीपर्यंत केला होता.”

फिटर खुर्चीवर टेकला. सरांसमोर तो बसल्याचे मी तोपर्यंत पाहिले नव्हते. मला राग यायला हवा होता. पण गेली कित्येक वर्षे मी नेमके हेच करत आले होते, आणि करू नये असे एकदाही वाटले नव्हते. फक्त थकल्यासारखे झाले.

“आता काय करायचं, सर?”

“जे झालं ते लिहायचं. मी कायम कर्मचारी आहे, मला जायला बंदी नव्हती. बर्फ मी भरला, म्हणून नोंद टिकली. म्हणजे बर्फाची गरज आहे. त्यांना पटेल.”

त्यांनी तसे लिहिले. पाठवण्यापूर्वी मला दाखवले. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला. युक्तिवाद पक्का वाटला.

उत्तर आठवड्यात आले. परीक्षकांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली होती: बर्फ आवश्यक आहे. ‘तथापि,’ असे पुढे होते, ‘हे काम संचालक कोणत्याही पूर्वतयारीविना स्वतः करू शकतात आणि त्याने नोंदीची गुणवत्ता घटत नाही, हे याच प्रयोगातून सिद्ध झाले आहे. सबब दोन्ही कंत्राटी पदे अनावश्यक.’ मी ते दोनदा वाचले. हात वर करण्याजोगे त्यातही काही सापडले नाही. थरथरीचा मुद्दा होता. पण तो मांडायचा, तर सरांनी काम वाईट केले असे लिहावे लागले असते, आणि परीक्षकांच्या गणितात ती थरथर नव्हतीच.

“म्हणजे बघा,” फिटर म्हणाला, “सरांनी आपल्याला काढलं आणि स्वतःच आपल्या जागी लागले. एका पगारात तीन माणसं. खात्याला असा सौदा कुठे मिळणार?” तो हसला, आणि हसता हसता आपले पाने, पक्कडी एकेक करून पिशवीत घालू लागला. त्याच्या मेव्हण्याचे पंपदुरुस्तीचे दुकान होते. “पंपाला शून्य लागत नाही, ताई. चालला तर चालला.”

शेवटच्या दिवशी सर माझ्याबरोबर तळघरात उतरले. मी त्यांना बर्फ कुटून दाखवला. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि मोगरी घेतली. एके काळी त्यांनीच हे मला शिकवले होते, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

“बारीक, सर. अजून बारीक.”

“एवढा?”

“रव्यासारखा. खडा राहिला की पोकळी राहते.”

ते धापा टाकत थांबले. त्यांच्या निवृत्तीला फार दिवस उरलेले नव्हते. त्यानंतर मोगरी कुणाच्या हाती जाणार, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही नाही.

“उद्या सकाळी एकदा येशील का?” ते मोगरीकडे पाहत म्हणाले. “नुसतं बघायला. काकांना सांगून ठेवतो, मागच्या फाटकाने.”

होय म्हणणे फार सोपे होते. जिभेवर आलेच होते.

“नको, सर. मी आले की तुमचा बर्फ चांगला होईल, आणि परीक्षक पुन्हा लिहितील की माणूस लागत नाही.”

त्यांनी मान हलवली. माझे म्हणणे त्यांना तर्क म्हणून पटले असावे. बाकीचे मी त्यांच्यावर सोपवून वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळी जाग आली. आईचा गुडघा रात्रभर ठणकला होता. तिने बर्फ मागितला. मी फ्रिजमधला साचा काढला, खडे फडक्यात बांधले आणि ओट्यावर लाटण्याने कुटत राहिले. हातांना काम मिळाले होते. कुठे थांबायचे ते त्यांना ठाऊक होते, त्यामुळे मला लक्ष द्यावे लागले नाही.

“अगं, झाला की नाही?” आईने आतून हाक मारली.

मी पुरचुंडी नेऊन तिच्या गुडघ्यावर ठेवली. आईने ती बोटांनी चाचपून पाहिली.

“हे काय केलंस? पार पीठ केलंस की! गुडघ्याला लावायचाय, बाई. असला कितीसा टिकणार?”

“पाणी काढत राहिलं तर संध्याकाळपर्यंत,” मी म्हणाले.

“आणि ते कोण काढत बसणार?”

फडक्यातून पहिला थेंब तिच्या पोटरीवरून ओघळला. मी स्टूल ओढून तिच्या पायाशी बसले आणि फडके पिळून घेतले.